बुटावरचा आकडा

गल्लीत तिला सगळे ड्रायव्हरीण म्हणायचे, आणि तिने जन्मात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, एवढंच निमित्त. पोस्टमनच्या बायकोला कुणी पोस्टमनीण म्हणत नाही, पण हिला नाव चिकटलं ते चिकटलं. तसं ते शोभायचंही. तो गाडी हाकायचा आणि ही घर हाकायची. गळकं छप्पर, पोरांची शाळा, सासूचं दुखणं, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.

नवरा घरी आला की मात्र हाच आवाज कुजबुजीवर यायचा. पंधरवड्यातून एखाद-दोन दिवस तो घरी असायचा आणि ते दिवस घरात एकच कायदा: बाबा झोपलेत. पोरांनी चवड्यांवर चालायचं. भांडी तशीच पडू द्यायची. दारावरच्या घंटीच्या लोलकाला फडकं बांधलेलं. गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबलेलं, कारण मेलं टिकटिक करतं. एकदा शेजारचा सुतार भरदुपारी खिळे ठोकायला बसला, तर हिने जाऊन त्याची हातोडीच उचलून आणली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. "जन्मभर गाडीवर असतो हो माणूस," ती म्हणायची, "घरी तरी त्याला कुणी उठवू नये." आणि नळावर बायका आपापल्या नवऱ्यांच्या घोरण्याची गाऱ्हाणी सांगायला लागल्या, की ही मानेला झटका देऊन म्हणायची, "आमचे नाही बाई घोरत. कधी ऐकलंच नाही." या गोष्टीचा तिला केवढा अभिमान. त्या अभिमानाचं पुढे काय झालं, तेच सांगायचं आहे.

ड्रायव्हर म्हातारा झाला, गाडी सुटली, आणि काही वर्षांनी छातीने दगा दिला. पाय सुजले. अंथरुणापासून मोरीपर्यंत गेला तरी धाप लागायची. दवाखान्यात ठेवलं. तिथे एका दुपारी, नाकात नळी, डोळे अर्धवट मिटलेले, तो गुंगीतच बोलला, "बाई, चारला हं. विसरू नका."

ड्रायव्हरीण उशाशीच बसली होती. शब्दांत काही नव्हतं हो. पण आवाज इतका मऊ होता, इतका निश्चिंत होता की तो ऐकून तिला कळलं, या आवाजात हा माणूस आपल्याशी एकदाही बोललेला नाही.

त्या बाईबद्दल तिला माहीत नव्हतं असं नाही. जुन्या रस्त्यावर कुणी एक बाई ड्रायव्हरांना झोपायला खाटा द्यायची आणि हा नेहमी तिच्याकडेच उतरायचा. "बाईकडे थांबलो होतो" हे ती संसारभर ऐकत आली होती. आणि आणखी एक सल होता, तो तिने कुणालाच सांगितला नव्हता. घरून निघताना तो कायम वेळेच्या आधी निघायचा. माल दुसऱ्या दिवशी दुपारी भरायचा असला, तरी हा आदल्या संध्याकाळीच पिशवी उचलायचा. "वाटेत थांबतो जरा," म्हणायचा. कुठे थांबता, असं तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, ही भीती. मुकाट्याने डबा भरायची आणि तो वळणाआड गेला की भांड्यांवर राग काढायची.

डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. डॉक्टर म्हणजे नातवाच्या वयाचं पोर, पण बोललं सरळ. "आजी, हृदय थकलंय. फार दिवस ओढता येणार नाही. त्यांना झोप मिळाली तर जिवाला आराम पडेल. पण झोपेची कडक गोळी मी देणार नाही. श्वासच थांबायचा."

बस. तेव्हापासून ड्रायव्हरिणीने एकच ध्यास घेतला. जगणं-मरणं आपल्या हातात नाही, पण जाण्याआधी या माणसाने एक रात्र, निदान एक रात्र, शांत झोपावं. आणि तो काही झोपेना. पाठीशी उशांचा ढीग, दोन्ही हात पलंगाच्या कडेवर घट्ट, डोळे टक्क उघडे. "झोपा ना," ती म्हणायची. "झोपतो," तो म्हणायचा, आणि डोळे मिटायचा. शाळेतलं पोर बाई बघतात म्हणून मिटतं तसे. ती वळली की पुन्हा उघडे. तिने ऊन ऊन दूध दिलं. खिडकी उघडली, मग लावली. मुलगी मदतीला येऊन राहिली होती, तिच्या पोरांना परत पाठवून दिलं. भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेलं. जितकी शांतता वाढवावी तितका तो जास्त जागा. शेवटी तिने हात टेकले.

त्याच सुमारास भोंगा त्याला बघायला आला. भोंगा म्हणजे ड्रायव्हरचा जुना जोडीदार. दोघांनी एकाच मालकाकडे गाड्या चालवलेल्या. हळू बोलणं त्याच्या घराण्यातच नसावं, म्हणून हे नाव. तो आजाऱ्यापाशी बसून जुन्या खेपांच्या गोष्टी ओरडून सांगत होता आणि ड्रायव्हर हसत होता. निघताना ड्रायव्हरिणीने त्याला दारात गाठलं.

"ती बाई कुठे असते?"

"कुठली बाई?"

"उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नका, भावजी. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे कुठली."

भोंग्याने डोकं खाजवलं. "आहे अजून. तिथेच असते. पण वहिनी, तुम्हाला वाटतंय तसं काही—"

"मला काय वाटतंय ते माझं मी बघेन. मला तिच्याकडे नेता का, एवढं सांगा."

खरं तर तिला काय वाटत होतं ते तिचं तिलाच धड सांगता आलं नसतं. भांडायचं होतं, हे नक्की. पण त्याच्याही खाली दुसरंच काहीतरी होतं. तो त्या बाईला ज्या आवाजात हाक मारतो, तो आवाज कशाने येतो हे तिला बघायचं होतं. आणि अगदीच कबूल करायचं तर, त्या बाईच्या नुसत्या येण्याने त्याला झोप लागणार असेल, तर तिला हाताला धरून घरी आणायचीही तिची तयारी होती. रडत रडत आणली असती, पण आणली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला बापाजवळ बसवून ती भोंग्याच्या भाच्याच्या ट्रकमध्ये चढली. तिघंजण पुढे बसले. सीटच्या मागे पडदा होता. भोंग्याने तो सरकवून दाखवला. मागे चक्क पलंग. गादी, उशी, छोटा पंखा, वाचायला दिवा.

"बघा वहिनी, राजाचा थाट. आता ड्रायव्हराला झोपायला घर नाही लागत, गाडी थांबवली की झाला आडवा. आमच्या वेळी काय होतं? इंजिनाच्या पेटीवर फळी टाकायची आणि तिच्यावर अंगाचं मुटकुळं करायचं. खालून चटका, वरून गारठा. नाहीतर गाडीखाली ताडपत्री पसरायची. नाहीतर मालावर. सिमेंटच्या पोत्यांवर झोपून उठलो की आरशात भूत दिसायचं." भोंगा हसला, मग हसू आवरून म्हणाला, "पण ती झोप नसायचीच. अर्धा माणूस जागाच. कुणी डिझेल काढतंय का, कुणी दोर कापतंय का. आणि मुख्य म्हणजे, झोप लागून राहिली तर? गोदामाचा दरवाजा ठरल्या वेळी उघडतो. तुम्ही नसलात तर मागचा आत शिरतो आणि तुमची नोकरी गेली म्हणून समजा. म्हणून मग अशी घरं निघाली रस्त्याकडेला. खाटांची."

ड्रायव्हरीण काही ऐकत होती, काही नाही. ती मनातल्या मनात वाक्यं घोटत होती. पहिलं वाक्य ठरलं होतं: माझ्या संसारात तुम्ही काय शोधत होता? दुसरं त्याहून कडक होतं.

जुना रस्ता आता ओस पडलेला. मोठा हायवे बाजूने गेला आणि इकडे गाड्या येणं थांबलं. ते घर म्हणजे एक लांबुळकी दुमजली इमारत. समोर गाड्या लावायचं पटांगण, त्यात गुडघाभर गवत. खालच्या दालनात कुणीतरी जुने टायर रचून ठेवले होते. एका कडेला लोखंडी खाटा एकावर एक चढवलेल्या, गंजलेल्या. तीन-चार मात्र अजून मांडलेल्या होत्या, कुणी यावं म्हणून नव्हे, हलवायला माणूस नव्हता म्हणून. रबराचा, रॉकेलचा आणि जुन्या ब्लँकेटांचा वास भरून राहिला होता. टोकाच्या स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ एक वाळकी म्हातारी बसली होती. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड.

ड्रायव्हरीण बघतच राहिली. ही? ही तर वयाने त्यांच्या आईच्या जवळपासची.

"कोण?" म्हातारीने विचारलं.

"मी, भोंगा."

"ते पटांगणापासूनच कळलं. सोबत कोण?"

"कोपऱ्यातल्या खाटेची मंडळी, खडूबाई."

म्हातारीने मान वर केली. "असं का. या, बसा. फार उशीर केलात. बाकीच्या बायका केव्हाच येऊन भांडून गेल्या. काय, भांडायचंय की चहा घ्यायचाय?"

घोटलेलं पहिलं वाक्यच आठवेना. "दोन्ही," ड्रायव्हरीण कशीबशी म्हणाली.

"मग आधी चहा. रिकाम्या पोटी भांडण रंगत नाही." खडूबाईने आधण ठेवलं. "कसा आहे तो?"

त्या प्रश्नाने ड्रायव्हरिणीचा बांध फुटला. म्हणजे रडली नाही ती, पण बोलत सुटली. दवाखाना, सूज, डॉक्टर, उघडे डोळे, सगळं. आणि शेवटी, "गुंगीत तुम्हाला हाक मारत होते. बाई, चारला हं, म्हणत होते. चारला काय असायचं तुमचं?"

"उठायचं असायचं," खडूबाई म्हणाली. "दुसरं काय असणार चारला?"

ती भिंत धरत उठली आणि त्यांना खाटांच्या दालनात घेऊन गेली. कोपऱ्यातल्या खाटेवर हात ठेवला. "ही त्याची. शेजारची खाट घ्यायला कुणी तयार नसायचं. नवा माणूस आला की ती त्याच्या गळ्यात मारायची. बिचारा सकाळी लाल डोळ्यांनी निघायचा. काय घोरायचा गं तुझा नवरा. गिलावा पडायचा भिंतीचा."

"हे घोरत नाहीत," ड्रायव्हरीण म्हणाली.

खडूबाईने भोंग्याकडे बघितलं. भोंग्याने खाली बघितलं.

"वहिनी, खरंच घोरायचा तो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाला. "भरली गाडी चढावर असावी तसा."

"अहो, मी बायको आहे त्यांची. घरी मी एकदासुद्धा ऐकलं नाही."

मग म्हातारीने आपल्या घराची रीत सांगितली. ड्रायव्हर कधीही येणार, मध्यरात्री, पहाटे. येईल त्याने बोलायचं नाही, बाकीचे झोपलेले असतात. बूट काढायचे, खिडकीतल्या डबीतला खडू घ्यायचा, एका बुटाच्या तळावर किती वाजता उठायचं तो आकडा लिहायचा, आणि खाटेच्या पायथ्याच्या खांबांवर बूट पालथे अडकवून आडवं व्हायचं. अक्षर न येणाऱ्यालाही आकडा येतो. ती कंदील घेऊन तासातासाला चक्कर मारायची. ज्याची वेळ झाली त्याचा पायाचा अंगठा धरून ओढायची.

"खांदा नाही हलवायचा. खांदा हलवला की ड्रायव्हर झोपेत स्टिअरिंग मारतो. सुरुवातीला एकाने माझा डोळा सुजवला होता. अंगठाच धरायचा. तो शांत उठतो. आणि आकडा असेल तर काहीही होवो, उठवायचं. अंगात ताप असो, बाहेर पूर असो. या घरात माझ्या हातून एकही आकडा चुकला नाही. म्हणून तर यायचे. खाटा काय, कुठेही मिळतात."

"आणि आकडा नसला तर?"

"बूट कोरा असला, तर गाडी खाली आहे, माल उतरलाय, माणूस मोकळा आहे. त्याला आग लागली तरी हात लावायचा नाही. आपण होऊन उठेल तेव्हा उठेल."

"हे कोरा ठेवायचे कधी?"

"तुझा नवरा? कधीच नाही. माल नसला तरी आकडा असायचाच. मी एकदा विचारलं, अरे, उद्या गाडी दुरुस्तीला आहे, तू कशाला उठतोस? तर म्हणाला, बाई, कुणीतरी उठवणार आहे हे माहीत असलं की झोप येते. नाहीतर सारखं वाटतं, आपणच जागं राहायला हवं." खडूबाई खाटेवर टेकली. "तू घरी काय करायचीस?"

ड्रायव्हरीण सांगू लागली. आजवर शंभर वेळा अभिमानाने सांगितलेलं तेच. घंटीला फडकं, घड्याळ टॉवेलात, चवड्यांवर चालणारी पोरं, सुताराची हातोडी. कुणी म्हणून उठवायचं नाही त्यांना. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. तिला तो दिसायला लागला. पलंगावर उताणा, सरळ, हात पोटावर, डोळे मिटलेले. आणि ही दारातून डोकावली की लगेच, "छान झोप झाली गं." किती वर्षं. आणि मग संध्याकाळी लवकरच उचललेली पिशवी. वाटेत थांबतो जरा.

तो तिच्यापासून पळत नव्हता. तो झोपायला जात होता.

"तू वाईट काही केलं नाहीस," खडूबाई म्हणाली.

"मी त्यांना झोपू दिलं नाही," ड्रायव्हरीण म्हणाली, आणि आता मात्र रडली. त्या गंजक्या खाटेची कड धरून, भोंग्यासमोर, लाज न बाळगता. इतकी वर्षं ती दुसऱ्या बाईचा मत्सर करत आली होती. तो परवडला असता. तिला जे कळलं होतं त्यापुढे तो मत्सर म्हणजे काहीच नव्हता.

निघताना खडूबाईने पदराच्या गाठीतून खडूचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. "चुकवू नकोस हं," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर ड्रायव्हरिणीने माळ्यावरून त्याचे जुने बूट काढले. जाड तळाचे, कातडं तडकलेलं. झटकून, पुसून ती पलंगाशी गेली आणि खडू आणि बूट त्याच्या मांडीवर ठेवले.

त्याने एक बूट उलटा करून तळ बघितला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या बाईने."

"तू तिथे गेली होतीस? भांडलीस?"

"भांडायला गेले होते. चहा पिऊन आले." मग तिचा आवाज चढला, जुना, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "अहो, एकदा तोंडातून काढलं असतंत तर तुमचं काय जात होतं? मी काय गजर लावला नसता? रोज चारला काय, तासातासाला उठवलं असतं मी तुम्हाला. सगळ्या जगाशी भांडले मी तुमच्या झोपेसाठी."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. मध्ये धाप लागली म्हणून थांबला. "तू एवढी धडपड करायचीस. पोरांना गप्प बसवायचीस. त्या सुताराची हातोडी आणलीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की मला झोप येत नाही?"

तिने त्याच्या हातात खडू दिला. त्याने बुटाच्या तळावर चाराचा आकडा काढला, ठसठशीत. पलंगाला पायथ्याशी दोन खांब होते. तिने त्यांच्यावर बूट पालथे अडकवले. कपाटातून गजराचं घड्याळ काढलं, किल्ली दिली आणि पायथ्याशी खुर्ची टाकून ते मांडीवर घेऊन बसली.

"उठवशील ना?"

"चारला. चुकणार नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि तो आवाज आला. दवाखान्यातला, मऊ, निश्चिंत. या वेळी तिच्यासाठी.

थोड्या वेळाने घरात असा काही आवाज सुरू झाला की शेजारच्या खोलीतून मुलगी धावत आली. "आई, काय झालं बाबांना?"

"काही नाही. घोरतायत." ड्रायव्हरिणीचा चेहरा रडून आणि हसून पार ओला झाला होता. "ऐक. असं घोरतात तुझे बाबा."

चारला तिने त्याचा अंगठा धरून ओढला. तो शांत उठला. "उठलो," म्हणाला. तिने चहा केला. उजाडेपर्यंत दोघं बोलत बसली. त्याने तिला तो रस्ता सांगितला, घाटातली वळणं, धुक्यात पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे कसं जायचं ते. तिने त्याला सासूच्या दुखण्याचे, पोरांच्या भांडणांचे, त्याने न पाहिलेले सगळे दिवस सांगितले. बोलताना त्याला धाप लागायची, मग तो नुसता ऐकायचा. लग्न झाल्यापासून इतकं बोलणं झालं नव्हतं.

मग रोज तेच. रोज संध्याकाळी तो बूट मागायचा, कालचा आकडा बाहीने पुसून नवा काढायचा. कधी चार, कधी पाच, मर्जी. मुलगी म्हणाली, "आई, तू जरा पड, मी उठवते आज." ड्रायव्हरीण म्हणाली, "नाही. ते माझं काम आहे." दुपारी ती भिंतीला टेकून पेंगायची. डॉक्टर येऊन गेला. चेहऱ्यावर तकतकी आली आहे म्हणाला, आणि दाराबाहेर तिला सांगितलं की तकतकीवर जाऊ नका, आजी, आता थोडंच राहिलंय. ती म्हणाली, मला ठाऊक आहे.

एका संध्याकाळी त्याने बूट मागितला आणि मांडीवर घेऊन बसला. बाहीने कालचा आकडा पुसला. सावकाश पुसला, कडेची पांढरी धूळही बोटाने झटकली. मग बूट तिच्याकडे दिला.

"अहो, आकडा राहिला," ती म्हणाली आणि खडू पुढे केला.

त्याने तिची मूठ खडूसकट मिटली. "आज नको. आज गाडी खाली आहे."

वाद घालावा, खडू घेऊन आपणच चाराचा आकडा लिहावा, असं तिला फार वाटलं. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नव्हतं तिने. पण तो तिच्याकडे इतक्या भरवशाने बघत होता, की तिने ते बूट घेतले आणि पायथ्याच्या खांबांवर पालथे अडकवले. दोन्ही कोरे.

"तू असशील ना?" त्याने विचारलं.

"इथेच आहे."

तो घोरायला लागला. ती घड्याळ न घेताच बसली होती. तरी चार वाजले ते तिला कळले. इतक्या दिवसांची सवय. तिने पांघरुणात हात घालून त्याचा अंगठा धरला. ओढला नाही. नुसता धरून ठेवला. नंतर केव्हातरी ते घोरणं विरळ झालं, अडखळलं आणि थांबलं. घर तिला हवं तसं झालं, सगळा जन्म जे घडवायला ती झटली होती तसं, अगदी चिडीचूप. तिने अंगठा सोडला नाही. तो हातात गार होत गेला, तरी नाही.

उजाडल्यावर मुलगी चहा घेऊन आत आली. "बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याकडे वाकली.

"हात लावू नकोस," ड्रायव्हरीण म्हणाली. "बूट बघ आधी."